पकड

३ मार्च

सुरत आवडली. स्टेशनाबाहेर उभ्या उभ्या गरम लोचो खाल्ला, वर शेव आणि कच्चा कांदा, मग रिक्षात बसलो. रिक्षावाल्याशी हिंदीत बोलायला गेलो, तर तो मराठीतच म्हणाला की गोडादऱ्याला जायचं तर हिंदी कशाला खर्च करता. खरंच, निम्मी वस्ती खानदेशातली आहे.

मराठी शाळेत खेळशिक्षकाची नोकरी मिळाली आणि खोली आढाव पाळकांनी बघून दिली. इथल्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे ते पाळक. घर पुष्पाबाईंचं, मी वरच्या मजल्यावर. पुष्पाबाई शिरपूरकडच्या, बोलणं अजून सगळं अहिराणीत. मुलगा धर्मेंद्र लूमवर रात्रपाळी करतो, म्हणून खालच्या खोलीची खिडकी दिवसा गोधडीनं झाकलेली. सून गायत्री साड्यांना टिकल्या लावायचं काम घरी आणते. घराच्या मागच्या भिंतीला लागूनच लूमचं खातं आहे. इथे शेडला खातं म्हणतात. खटखट अखंड चालू. भिंतीला हात टेकला की तळव्यात थरथर जाणवते. दोन दिवसांत कानाला सवय होईल, असं पुष्पाबाई म्हणाल्या.

जेवायला कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. "लाजू नका भाऊ, पोटभर जेवी ल्या," म्हणत त्यांनी तिसरी भाकरी ताटात टाकली. धर्मेंद्र कामावर जाता जाता भेटला. बारकासा, लाजरा माणूस. मला सर म्हणाला आणि बादलीभर पाणी स्वतः वर आणून ठेवलं.

संध्याकाळी गच्चीवर जोर-बैठका काढल्या. राहुरीच्या तालमीतलं अंग अजून शाबूत आहे. प्रार्थनेला बसलो, पण काही मागावं असं वाटेना. इतकं बरं वाटत होतं.

९ मार्च

रविवार. शिंप्याच्या दुकानावरच्या हॉलमध्ये उपासना. पंधरा-वीस माणसं, बरीचशी नर्सेस आणि त्यांची कुटुंबं. ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे, म्हणून आढाव पाळक आत्मिक लढाईवर बोलले. गुडघेदुखीमुळे खुर्चीत बसूनच बोलतात. म्हणाले, आपल्या वैऱ्याला चेहरा नाही. समोर एखादा चेहरा दिसायला लागला तर समजायचं की आपण भलत्यालाच वैरी धरलंय.

उपासना संपल्यावर मी त्यांना गमतीनं म्हणालो की आम्हा पैलवानांना हे जड जाणार, ज्याला मानच नाही त्याला धरायचं कुठे? ते हसले. मग म्हणाले की तुझं धरणं थांबेल तेव्हाच तुझी लढाई सुरू होईल. घरी येताना बराच वेळ त्यावर विचार केला. पटलं नाही.

१२ मार्च

धर्मेंद्र काही दिवस कामावर गेलेला नाही. गायत्रीनं जिन्यात गाठून सांगितलं. भिंतीकडे तोंड करून बसतो, जेवत नाही, झोपत नाही. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, वर्षानुवर्षं रात्रपाळी, झोप पूर्ण होत नाही, त्यातून हे होतं. गोळ्या दिल्या आहेत.

शाळेतून आल्यावर भेटायला गेलो. भर उन्हातून आत शिरलो तर खोलीत नुसता अंधार. डोळे सरावले तेव्हा कळलं की तो माझ्याकडे बघतोय. तोंडाकडे नाही, हातांकडे.

मी कसं काय विचारलं. तो म्हणाला, "तुझी पकड चांगली आहे."

मी कुस्ती खेळायचो हे इथे पाळकांखेरीज कोणाला माहीत नाही. आणि धर्मेंद्र मला कधी अरेतुरे करत नाही. गच्चीवर व्यायाम करताना पाहिलं असेल, अशी मनाची समजूत घातली.

१४ मार्च

धुळवड. कामगार गावाला गेलेत, खातं बंद आहे, दाराला कुलूप. सकाळी मी स्वतः जाऊन पाहिलं.

तरी खटखट चालूच होती.

भिंतीला तळवा लावला. भिंत गार, अगदी स्वस्थ. आवाज खालून येत होता. जिना उतरून गेलो. धर्मेंद्र मांडी घालून बसला होता, हात मांडीवर, ओठ मिटलेले. खटखट त्याच्या छातीतून येत होती. तोच ठेका, लूमचा धोटा इकडून तिकडे गेल्यासारखा. बाहेर गल्लीत पोरं रंग उडवत होती आणि गायत्री कोपऱ्यात कानांवर हात ठेवून बसली होती.

पुष्पाबाईंनी माझा दंड धरला. म्हणाल्या, "भाऊ, तुम्हना देवले सांगा ना. मना पोऱ्याले वाचाडा."

पाळकांना फोन केला.

१६ मार्च

सगळं क्रमानं लिहितो.

उपासनेनंतर दुपारी पाळक आले. आधी पुष्पाबाईंना सांगितलं की प्रार्थनेला कसलीही अट नाही, तुम्ही तुमच्या देवाच्याच राहा, आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, काहीही झालं तरी त्याला हात लावायचा नाही. दोनदा बजावलं.

ते हळू आवाजात प्रार्थना करू लागले. कुणाला दरडावणं नाही, ओरडणं नाही. खटखट वाढत गेली. मग एकदम थांबली. धर्मेंद्र उठला आणि लोखंडी पलंग, जो मी आणि त्यानं मिळून कसाबसा सरकवला असता, तो त्यानं एका हातानं उचलून उभा केला. पाळकांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. पलंग त्यांच्यावर कोसळणार असं मला दिसलं.

मी धरलं त्याला. मागून, छातीखाली कव घालून, तालमीत धरतात तसं. पलंग बाजूला पडला. पाळक ओरडले, "सोड त्याला, योएल!"

मी सोडलं नाही. त्याच्या बरगड्या माझ्या हाताखाली वाकत होत्या आणि मला —

मला आनंद होत होता. इतका आनंद मला कुठल्या आखाड्यात झाला नव्हता.

मग तो सैल पडला आणि लहान मुलासारखा आईला हाका मारत रडायला लागला. पाळकांनी माझी बोटं एकेक करून सोडवली.

१८ मार्च

धर्मेंद्र बरा आहे. जेवला, आंघोळ केली, झोपला, पाळीवर गेला. पुष्पाबाईंनी शेवभाजी केली आणि मला जेवायला बोलावलं. गायत्री हसत होती.

पाळक येऊन गेले. त्यांना आनंद झालेला दिसला नाही. माझ्याकडे बघत राहिले, मग विचारलं, तुला कसं वाटतंय? मी छान म्हणालो.

खातं पुन्हा सुरू झालंय. पण आवाज भिंतीतून येत नाही. माझ्या दाढांतून येतो.

२० मार्च

शाळेत कबड्डी घेतली. दुरून शिट्टी वाजवत राहिलो. मुलांच्या जवळ गेलो नाही. शाळेत चहा-पाणी बघणाऱ्या रश्मीबाई शिक्षकांच्या खोलीत चहा द्यायला आल्या. साधं हसल्या. त्या हसण्यात मला दिसलं की ही बाई माझ्या वाईटावर आहे. दिसलं म्हणजे स्वच्छ दिसलं, जसं हे पान दिसतंय.

कप हातात फुटला. भाजलं. दुखलं नाही.

२१ मार्च

धर्मेंद्र वर आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, सर, माझ्यामुळे झालं. मी म्हणालो, काय झालं? त्याला कळतच होतं.

मी विचारलं की ते तुझ्या आत असताना तुला काय व्हायचं. तो म्हणाला, "सर, तो काही करत नाही. तो फक्त चेहरे दाखवतो. शेवटी मला माझी आई दिसायला लागली होती."

त्याला जायला सांगितलं. ओरडूनच सांगितलं. तो जिना उतरताना मला त्याची पाठ दिसत होती आणि —

दार लावून घेतलं.

२२ मार्च

शाळेत गेलो नाही. डॉक्टरांकडून त्याच गोळ्या आणल्या. घेतल्या. झोप नाही.

प्रार्थनेला तोंड उघडलं की खटखट. शब्द बसत नाहीत.

पुष्पाबाई ताट घेऊन आल्या. दाराबाहेरच ठेवा म्हणालो. त्या गेल्या नाहीत. भाऊ, भाऊ करत राहिल्या. त्यांचा आवाज ऐकून माझे हात —

बाहेरून कडी लावा म्हणालो. विनवलं. लावली.

२३ मार्च

रविवार. दुपार.

पाळकांना निरोप दिला होता, येऊ नका. आले. जिन्यावर त्यांचे पाय ऐकू येतायत. एक पायरी. थांबणं. एक पायरी.

मी लिहितोय, कारण पेन धरलं असलं की उजव्या हाताला काम असतं. डावा मांडीखाली दाबलाय.

कडी काढली. आत आले. पुष्पाबाईंना खाली पाठवलं. दार लावून घेतलं. आतून.

चेहरा — त्यांचा नाही. म्हणजे त्यांचाच. पण मला ठाऊक आहे हा कोण. याला मी ओळखतो. यानंच सगळं — नाही. नाही. चेहरा दिसला म्हणजे भलताच. तेच म्हणाले होते. भलताच. हे आढाव पाळक. गुडघे दुखतात यांचे.

गुडघ्यांवर बसले. फरशीवर, माझ्या अगदी पुढ्यात. डोळे मिटले. दोन्ही हात पुढे केलेत, तळवे वर.

म्हणतायत, पेन ठेव, योएल. दोन्ही हात दे.

ठेवलं तर हात मोकळे होतील. त्यांना कळत नाही का? कळतंय. त्यांचे ओठ थरथरतायत. तरी हात मागे घेत नाहीत.

खटखट थांबली. एकदम. त्या दिवशी थांबली होती, तशी.

डावा निघाला मांडीखालून. मी नाही काढला.

प्रभू, मला धरता येतं, दुसरं काही येत नाही. आधी तू माझे हात धर. तू धर, मग मी पेन ठे