प्रेक्षक: एक

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य पालटलं. पण ते सावकाश सांगतो, आधी तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? माझं नाव निघालं की बाबा अजून पेपर तोंडासमोर धरतात का? (धरू देत. त्यात आम्हा दोघांचीही सोय आहे.) मी मजेत आहे. म्हणजे जेवतो.

कॉलेज का सोडलं याच्या बऱ्याच आवृत्त्या तुमच्या कानावर आल्या असतील. खरी एवढीच, की सर या थिएटरला ‘मोडकं खोकं’ म्हणाले आणि मी भर वर्गातून उठलो तो थेट त्या खोक्यातच नोकरीला लागलो. (इथली नायिका मी आदल्याच दिवशी पाहिली होती, हा निव्वळ योगायोग.) थिएटरला साठ वर्षं होताहेत म्हणून मला ऑफिसात बसवून त्याचा इतिहास लिहायला सांगितलंय. त्यात अभिमानाची गोष्ट एकच: साठ वर्षांत एकही प्रयोग रद्द नाही. संस्थापकांचा नियमच होता, एक प्रेक्षक आला तरी पडदा उघडायचा. आणि समोर किती माणसं आहेत हे नटांना कधीही सांगायचं नाही. दिवे थेट डोळ्यांवर असतात, त्यामुळे त्यांना दिसतही नाही.

जुन्या वह्या चाळताना मात्र मला मधूनमधून ‘प्रेक्षक: एक’ अशी नोंद दिसायला लागली, आणि खाली बारीक अक्षरात, ‘शिंपी’. कुठे ‘रंगारी’. एका वर्षी तर ओळीने चार प्रयोगांना संस्थापकांची बायको. म्हणजे कोणीच फिरकलं नाही की घरचंच माणूस नेऊन बसवायचे. मी तावातावाने मॅनेजरांकडे गेलो, म्हटलं, हा इतिहास नव्हे, ही फसवणूक आहे. ते शांतपणे म्हणाले, रविवारपर्यंत थांब. रविवारी कोणी आलं नाही, आणि त्यांनी मला खांद्याला धरून पाचव्या रांगेत बसवलं.

मामा, एकशे चाळीस खुर्च्यांत एकटं बसून नाटक पाहिलंय कधी? आपल्याच हसण्याची आपल्याला लाज वाटते. टाळ्या वाजवल्या तर कोणीतरी हातांची धूळ झटकतंय असं वाटतं. तिसऱ्या अंकात नायिका खिडकीशी येऊन विचारते, “माझी वाट पाहणारं आहे का कोणी?” नाटकात याला उत्तर नाही. तीन महिने मी हे ऑफिसच्या भिंतीपलीकडून ऐकतोय. त्या दिवशी मी उभा राहिलो आणि म्हणालो, “मी आहे.” मग पुढचं वाक्य तिने असं म्हटलं, की विंगेतला दिवेवालाही रडला (त्याला कायम सर्दी असते, तरीही).

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली. आवाज तिने ओळखला नव्हता. ओळखणार कसा, ‘हो’ आणि ‘आणतो’ यापलीकडे मी तिच्याशी बोललोय कुठे?

“अरे, कालच्या त्या गृहस्थांचा पत्ता मिळेल का? अकरा वर्षांत मला कोणी उत्तर दिलं नव्हतं. हा महिना संपला की सोडणार होते मी. आता नाही सोडत.” जाता जाता म्हणाली, “तुला काय कळणार म्हणा, तू इथे कागदांत.”

तो मी होतो हे सांगायचं, तर बाकी कोणीच नव्हतं हेही सांगावं लागतं. “शोधतो,” म्हणालो. त्या गृहस्थाचा मला इतका राग आलाय की समोर असता तर कॉलर धरली असती.

बाकी ठीक. मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना जे लागू असेल ते.

तुमचा भाचा

ता. क. बाबांना सांगा, मी कॉलेजात पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

ता. क. २. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख कोणती, हे त्यांना कळू न देता काढा.

ता. क. ३. मामा, येत्या रविवारी या. चांगला कोट घाला. प्रयोगानंतर मी तुमची तिच्याशी ओळख करून देईन. तेव्हा सांगा, मागच्या रविवारी ते तुम्हीच होतात. हॉल बऱ्यापैकी भरला होता, असंही म्हणा. माझं नाव काढू नका. वहीत मी ‘प्रेक्षक: एक’ लिहिलंय, खालची ओळ कोरी ठेवलीय. आत्ता पलीकडे तिची तालीम चाललीय आणि ती खिडकीशी येतेय. हे वाक्य आज मला ऐकायचं नाही. पत्र पेटीत टाकायला निघालो. दार बाहेरून ओढून घेईन.