आधी रॅक, मग बाजा

१० ऑक्टोबर १९६१, दुपारी
माणसाने चाकाचा शोध लावला त्याच दिवशी माझ्या वामकुक्षीचा निकाल लागला होता. विमलच्या शिलाई मशीनला अशी दोन चाकं आहेत. जेवण झालं, डोळा लागला, की खडखड सुरू. इतिहासात नाना अन्याय नमूद आहेत; पोलक्याच्या बाह्यांपायी गृहस्थाची झोपमोड हा कुठेच नाही. विमलला सांगितलं. ती म्हणाली, "दसऱ्याच्या आत पोलकी द्याची हायेत. तुम्ही पडवीत झोपा." पडवीत माश्या आहेत.
कापसाच्या जिनिंगमधली नोकरी सोडून वर्ष होत आलं. (मालक 'काढलं' म्हणतो. त्याची भाषाच तशी.) डोकं मोकळं आहे. मोठे विचार अशाच काळात सुचतात.

१३ ऑक्टोबर
सुचला. नागपूरला मेहुण्याकडे विलायती मासिक पाहिलं होतं. चित्रात साहेब तंगड्या लांब करून बसलेला, समोर भिंतीएवढा रॅक, रॅकमध्ये गाण्याची यंत्रं. याला हाय-फाय म्हणतात. दोन-चार वर्षांत पुसदच्या घराघरात हे येणार. यंत्रं विकणारे पुष्कळ निघतील. ती ठेवायची कशात, हा प्रश्न फक्त मला पडला.
जुन्या मालाचा व्यापार करणाऱ्या नेमसिंगने हैदराबादच्या मिलिटरी लिलावातून ट्रकभर सामान आणलंय. त्यात वायरलेसचे सागवानी रॅक. जाळीची दारं, कोपऱ्यांना पितळ. थोडी वाळवी, पॉलिश गेलेलं. सेकंडहँड माल ओळखायला नजर लागते.
आमच्या गल्लीत वीज नाही. पण खांब कोपऱ्यापर्यंत आलाय.

१७ ऑक्टोबर
सौदा पक्का. रॅक आले, शिलाई मशीन गेली. नेमसिंगच्या बायकोला, सक्रीबाईला, मशीन हवीच होती. नेमसिंग सज्जन माणूस. म्हणाला, "संक्रांतीपर्यंत रॅकची किंमत आणून द्या अन् मशीन घेऊन जा. मंग मात्र थे आमची." संक्रांत! मी म्हटलं, दिवाळीतच आणतो.
मशीन विमलच्या वडिलांनी दिलेली, त्यामुळे तिला थोडं वाटलं असेल. नेताना एवढंच म्हणाली, "तेलाची कुपी संगं जाऊ द्या. थे कोरडी चालत नाही." कुपी मी ठेवून घेतली. रॅकच्या बिजागऱ्यांना लागेल.
वामकुक्षी: उत्तम.

२४ ऑक्टोबर
पाटी रंगवून आणली. 'भगवान हाय-फाय फर्निचर मार्ट, पुसद'. पत्र्यावर निळा रंग, पिवळी अक्षरं. बिजागऱ्यांना तेल दिलं. कुपी संपली. विमल म्हणाली, "भरून आणजा. सक्रीबाईच्या इथं मशीन करकर करून राह्यली." हो म्हटलं.

२ नोव्हेंबर
पहिलं गिऱ्हाईक. शाळेतले धर्मपाल मास्तर. म्हणाले, दीक्षा घेतल्यापासून वस्तीत घरोघर पुस्तकं आली, आता वाचनालय काढतो आहोत. सगळेच रॅक द्या. नेमसिंगची किंमत आणि वर तुमची मेहनत. रोख. दिवाळीच्या आत. अंगणात उभे राहून बोलत होते.
मी स्पष्ट सांगितलं. हा माल हाय-फायचा. पुस्तकांसाठी बाजारात खोकी मिळतात. शिवाय मार्टचा पहिलाच माल त्या वस्तीत गेला, तर किसनरावांसारखी गावातली बडी माणसं पाटीकडे फिरकणार नाहीत. हे शेवटचं मनात म्हटलं. थोडं मोठ्याने म्हटलं गेलं असेल.
मास्तर म्हणाले, "पुस्तकं वाजत नाहीत, हे खरं आहे." नमस्कार करून गेले.
विमल दारात होती. म्हणाली, "माही मशीन फाटकापर्यंत आली होती." बायकांना मार्केट कळत नाही.

११ नोव्हेंबर
दिवाळी झाली. फराळ बेताचा. किसनराव आले. पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाचे, मोठे शेतकरी, सोबत हसायला माणसं. रॅकचं दार उघडलं, आत डोकं घातलं. "यात वाजते काय?" मी समजावलं की वाजणारं मागून येतं, आधी रॅक. तर म्हणाले, "म्हंजे लेकराचा पत्ता नाही अन् पाळणा टांगून ठेवला. तुमच्या घरची रीतच हाय थे, भगवानराव." सगळे हसले. मीही हसलो, धंद्यात हसावं लागतं. माळ्यावर पाळणा आहे हे गावाला कोणी सांगितलं कोण जाणे.
विमल आत तूर पाखडत होती. ऐकलं नसावं. सुपाचा आवाज मात्र थांबला तो थांबलाच.
किसनराव "पाहू" म्हणून गेले. म्हणजे घेतलेच.
संकल्प: पॉलिश. चकाकी दिसली की माणसाचं तोंड बंद होतं.

२८ नोव्हेंबर, सकाळी
पॉलिशसाठी चपडी लाख, स्पिरिट, जवसाचं तेल, सगळं जमवलं. हात देऊन रॅक अंगणात ओळीने सुकत घातले. अंगणाला लागून जिनिंगची भिंत, आणि हंगाम सुरू झालाय. रुई उडते. पण वारा पलीकडचा आहे. त्या जिनिंगमध्ये उमेदीची वर्षं घालवली मी, रुईचं मला कोणी शिकवू नये. जरा पडतो.

२८ नोव्हेंबर, संध्याकाळी
वारा फिरला. एकूण एक रॅकला पांढरी लव फुटली आहे. ओळीने म्हातारे ससे बसल्यासारखे दिसतात. जिनिंगच्या मालकाचं काम. वर्ष झालं तरी डूख धरून आहे.
किसनराव रस्त्यावरून ओरडले, "काहून बाप्पा, थंडीचं स्वेटर घातलं काय रॅकले?"
सुकल्यावर निघेल.

३ डिसेंबर
निघत नाही. पॉलिश पेपरने घासलं तर पॉलिश निघतं, रुई राहते. याला 'मखमली फिनिश' म्हणता येईल. पाटीवर जागा आहे.
विमल हल्ली दुपारभर सक्रीबाईकडे असते. गावातल्या पोलक्यांची कामं आता तिथे येतात. मशीन सक्रीबाईची, हात हिचे. येताना ज्वारी आणते. छंद आहे, असू द्यावा. भाकरी बरी लागते. कुपीचं पुन्हा बोलली. मोठ्या कामात असताना लोक अशा बारीक गोष्टी काढतात.

६ जानेवारी १९६२
धर्मपाल मास्तरांकडे स्वतः गेलो. म्हटलं, बिचाऱ्यांची सोय करावी. निम्म्या किमतीत सगळे रॅक, मखमलीसकट. त्यांनी बसायला खुर्ची दिली. आमच्या अंगणात ते उभे होते, हे तिथे बसल्यावर आठवलं. खुर्चीचा पाय डुगडुगत होता, त्यामुळे आठवलं असेल.
म्हणाले, "आमचं काम झालं. वस्तीतल्या लोकांनी घरटी एक फळी आणून दिली." समोर भिंतभर पुस्तकं. त्यांच्या पत्नी इंदूबाई चहा घेऊन आल्या आणि उभ्या उभ्या बोलल्या, "आमाले पायजे होते तवा तुमाले आमी चालत नोव्हतो." मास्तर म्हणाले, "इंदू, चहात साखर टाकली ना?"
टाकली होती. मी तिथे काही घेत नाही. घेतला.

१४ जानेवारी
संक्रांत. नेमसिंग आला नाही. मीही गेलो नाही. विमलने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. पुढचं वाक्य म्हटलं नाही.

१९ जानेवारी, दुपारी
एका रॅकमध्ये कोंबडी अंड्यांवर बसली आहे. रुईची ऊब तिला मानवली. धंद्यातलं एवढं एकच गिऱ्हाईक.
जेवून पडलो. घरात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. झोप आली नाही.
उठून पाटी उतरवली. भंगारवाल्याने उलटून पाहिली, वाचली नाही. तिच्या बदल्यात जे आलं त्यातून दुकानात कुपी भरून घेतली.
नेमसिंगच्या ओट्यावर विमल मशीनवर बसली होती, पाठमोरी. मशीन कर्र कर्र करत होती. आतून सक्रीबाई म्हणाली, "विमलताई, हे तं रडून राह्यली वो."
विमल म्हणाली, "रडू द्या. थांबत तं नाही ना."
कुपी तिच्या चपलांशी ठेवली. तिने मान वळवली नाही, पण पाय थांबवले.
कोपऱ्यावर विजेच्या खांबाशी येऊन उभा राहिलो. बराच वेळ काहीच आवाज नाही. मग खडखड सुरू झाली. नुसती खडखड, करकर नाही.