माझ्या नावावर केलेला बंगला

मी, तुळसा भिवा मोकाशी, वय वर्षे सदुसष्ट, राहणार बाळकुम गाव, ठाणे, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने किंवा भरीला पडून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, माझ्यामागे माझ्या मिळकतीचं काय व्हावं ते लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टर चित्रा सामंत यांचा दाखला सोबत जोडला आहे. एरवी त्याची गरज नव्हती. पण माझ्या डोक्यावर परिणाम झाला आहे असं माझे पती आणि मुलगा चार लोकांत सांगत फिरतात, म्हणून तो प्रश्न आधीच मिटवून टाकते. यापूर्वी पतींनी माझ्याकडून करून घेतलेलं मृत्युपत्र मी रद्द करत आहे.

१. बाळकुममधला राहता बंगला आणि त्याच रस्त्यावरचा एक गाळा माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझे पती भिवा नारायण मोकाशी पहिल्यांदा नगरसेवक झाले तेव्हा त्यांच्या सल्लागारांनी सुचवलं, सगळंच साहेबांच्या नावावर दिसायला नको. म्हणून ते माझ्या नावावर झालं. रजिस्ट्रारच्या कचेरीतून बाहेर पडताना हे हसत म्हणाले होते, "तुळसा, आजपासून तू मालकीण." त्यांनी ते गंमत म्हणून म्हटलं होतं. कागदावर मात्र गंमत असं कुठे लिहिलेलं नाही. याशिवाय कोलशेतला खाडीच्या बाजूची जमीन माझ्या वडिलांकडून मला आली आहे. वडील मिठागरात राबले. त्या जमिनीवर टॉवर उभा करण्यासाठी माझी सही मागायला पुष्कळ लोक येऊन गेले. चहा घेऊन गेले.

२. हा बंगला मी माझी सून करिश्मा दिपेश मोकाशी हिला देत आहे, मुलाला नाही. वकील क्षिप्रा वर्तक म्हणाल्या की कारण लिहिण्याची सक्ती नाही. मला लिहायचं आहे.

२०२३ च्या गणपतीच्या आधी माझ्या पतींचा एक व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. ठाकुर्लीचा फ्लॅट, आणि सोबत पक्षाच्या महिला आघाडीत काम करणारी संचिता ढमाले. तो कोणी काढला ते आजवर कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी पक्षाचे जिल्ह्याचे नेते आमच्या दिवाणखान्यात येऊन बसले. त्यांनी सगळं ठरवूनच आणलं होतं. पत्रकार बोलवायचे. मी पतींच्या शेजारी बसायचं. आवाज बनावट आहे, माझे पती देवमाणूस आहेत, या बाईने आमच्याकडे खंडणी मागितली, एवढं मी म्हणायचं. मग खंडणीच्या तक्रारीवर मी सही करायची, म्हणजे बाईला अटक होईल आणि प्रकरण थंडावेल. मी काय नेसायचं तेही त्यांनीच ठरवलं होतं. हिरवी पैठणी पाठवली होती, मोठं मंगळसूत्र घालावं असा निरोप होता.

मी विचारलं, "तिनं खरंच पैसे मागितले?"

नेते म्हणाले, "वहिनी, ते आता महत्त्वाचं नाही."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे टीपॉयकडे बघत होते.

मी माझं रोजचं सुती लुगडं नेसून बसले. माईक पुढे आले तेव्हा मी म्हटलं, "आवाज ह्यांचाच आहे. इतकी वर्षं संसार केला, मी ओळखणार नाही का? माझ्याकडे कोणी खंडणी मागितलेली नाही. मी कोणत्याही कागदावर सही करणार नाही." मग उठून आत गेले आणि भात लावला, कारण नात समृद्धीची शाळेतून यायची वेळ झाली होती.

त्या संध्याकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "कनाला बोललीस गं? गप बसली असतीस तं दोन दिवसांत लोकं विसरली असती."

मी म्हटलं, "लोकं विसरली असती. ती पोरगी तुरुंगात बसून कशी विसरली असती?"

तक्रार झाली नाही. ह्यांचं पक्षातलं पद गेलं. घरात माझ्याशी बोलणं बंद झालं, ते मला फारसं जाणवलं नाही. आधी तरी कुठे बोलत होते. जाणवलं ते वेगळंच. गावातल्या बायका, ज्यांच्या बारशाला, डोहाळेजेवणाला मी धावले, त्या मला म्हणाल्या की नवऱ्याला असं उघडं पाडतात का. त्या रात्री मी रडले. ह्यांच्यासाठी नाही.

३. मागच्या दिवाळीत माझा मुलगा दिपेश याचं कल्याणच्या एका बड्या बिल्डरच्या बायकोबरोबर चालू असल्याचं करिश्माला कळलं. पुन्हा त्याच दिवाणखान्यात बैठक बसली. करिश्माचे वडील नेवाळीहून आले होते, मान खाली घालून बसले होते. माझे पती तिला म्हणाले, "पोरी, मोठ्या मानसाच्या मागं असलं लागतंच. तुझ्या सासूनं केला तसा तू करू नको." दिपेशला येत्या निवडणुकीत तिकीट हवं आहे. तो म्हणाला, "नाय पटत तर माहेरी जा. समृद्धी इथेच राहील. घर आमचं आहे."

मी विचारलं, "कोणाचं?"

करिश्माने तेवढी मान वर केली. त्याच आठवड्यात मी क्षिप्राताईंकडे गेले.

४. म्हणून बंगला, आतलं सामान आणि माझे दागिने करिश्माचे. तिने संसार केला, मोडला, दुसरं लग्न केलं, तरी तिचेच. दिपेशने तिथे राहावं की नाही हे तिने ठरवावं. कोलशेतची जमीन नात समृद्धीची. ती सज्ञान होईपर्यंत आईने सांभाळावी आणि विकू नये. गाळा दिपेशला. पोटापुरतं त्यात होतं, बाकी वडिलांचं राजकारण त्याला मिळालेलंच आहे. तो माझा मुलगा आहे. लहानपणी खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे. हल्ली होत नाहीत.

५. माझ्या पतींना खालची खोली आणि दोन वेळचं जेवण त्यांच्या हयातीपर्यंत मिळावं. करिश्माने त्यांना बाहेर काढू नये. म्हाताऱ्या माणसाला रस्त्यावर बसवून मला काही सिद्ध करायचं नाही. पण मालक म्हणून त्यांनी त्या घरात कोणाला बोलावू नये, आणि बैठक तर मुळीच बसवू नये.

६. हिरवी पैठणी घडीसुद्धा न मोडता कपाटात आहे. ती जिल्ह्याच्या नेत्यांच्या पत्नीला पोचती करावी. त्यांना कधीही लागू शकते.

७. मी गेल्यावर नाक्यावर माझा फोटो असलेला एकही बॅनर लागू नये. लागलाच तर करिश्माने तो उतरवावा, मग त्यावर आणखी कोणाचाही फोटो असो. अंगावर पक्षाचा झेंडा नको. 'पतीच्या पाठीशी खंबीरपणे उभी राहिलेली' असं कोणी भाषणात म्हणाल्यास त्याला तिथेच थांबवावं. अग्नी करिश्माने द्यावा. दिपेशला यायचं असेल तर मुलगा म्हणून यावं, फोटोवाला सोबत आणू नये.

८. क्षिप्रा वर्तक यांनी या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी.

९. साक्षीदारांपैकी एक संचिता ढमाले आहे. तिला मी यात काहीही ठेवलेलं नाही, आणि तिच्यावरचा माझा राग गेलेला नाही, हे तिला मी तोंडावर सांगितलं आहे. मी बोलावल्यावर ती आली. पाणीसुद्धा न घेता बसली. म्हणाली, "काकू, माझी सही कशाला? माझ्या बोलण्यावर आता कोण विश्वास ठेवतं?"

मी म्हटलं, "खंडणी मागितली नाहीस हे तू सांगत होतीस, तेव्हा अख्ख्या जिल्ह्यात खरं बोलणारी तू एकटीच होतीस. मला साक्षीला तशीच माणसं हवीत."

मग तिने पेन घेऊन मसुद्यासाठी आपलं पूर्ण नाव लिहून दिलं, वडिलांच्या नावासकट.

हे सर्व मला वाचून दाखवलं, मी स्वतःही वाचलं, आणि एकही शब्द बदलायचा नाही असं सांगून दोघी साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

ठिकाण: ठाणे
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५

(सही) तुळसा भिवा मोकाशी

साक्षीदार:
१. (सही) डॉ. चित्रा सामंत, ठाणे
२. (सही) संचिता पोपट ढमाले, ठाकुर्ली