तिला इंजेक्शन, मला वाफ

तिला सात दिवस दवाखान्यात खाट, सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन. आणि मला काय, तर वाफ घे आणि पडून राहा.

प्रिय पोरी,

राग आलाय, म्हणून आधी तेच लिहिलं. आम्हा दोघी विहिणींना खोकला एकाच आठवड्यात लागला, तोही तुझ्याच भावाकडून. तपासणीत विषाणूही एकच निघाला. तू डॉक्टर, तू मला समजावलंस, की विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, उगीच घेतलं तर खरी गरज पडेल तेव्हा ते लागू पडत नाही. तुझ्या आईच्या आईच्या छातीत मात्र वरून दुसरे जंतू शिरलेत, म्हणून तिला द्यावं लागतंय. मी मान हलवली. मनात म्हटलं, जंतूंनासुद्धा तीच आवडली.

तिच्या खाटेशी बसून तू तिची वेणी घातलीस, हे तुझ्या बापाकडून कळलं. तुला दात यायच्या आधीपासून सांभाळलं मी, आणि वेणी तिची. मला रोज एक फोन, तोही दम लागतो का, लघवी होते का, एवढाच. दुकानदार गिऱ्हाइकाशी याहून जास्त बोलतो.

ती घरी आल्यावर बघायला गेले. उशाशी गोळ्यांचं पाकीट, सहा उरलेल्या. बरं वाटलं तरी संपवायच्याच असं तू बजावलेलं तिनं स्वतः सांगितलं, आणि वर पाकीट माझ्याच पुढं केलं. "घ्या विहीणबाई, मी आता ठणठणीत आहे. माझ्या नातीच्या हातच्या आहेत."

माझ्या नातीच्या म्हणे. तुमच्या तुम्ही गिळा, असं म्हणायला हवं होतं. पण तू मला न दिलेली वस्तू समोर होती. पिशवीत टाकल्या आणि तीन दिवसांत संपवल्या. खोकला होता तिथंच आहे, पोट तेवढं बिघडलं.

एवढ्यासाठी मी पेन हातात धरलं नसतं. पण काल पुन्हा गेले, तर तिला थंडी भरून ताप आलेला, श्वास घेताना कुशीत कळ येते. तू रागावशील म्हणून तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली तिनं मला. तिला लागणाऱ्या गोळ्या मी खाऊन बसलेय. शपथ गेली खड्ड्यात. फोनवर हे माझ्या तोंडून निघालं नसतं. तुमच्या दवाखान्याच्या चादरी धुणारी आमच्या खालीच राहते, तिच्या हाती देतेय. तू वाचून संपवेपर्यंत हलायचं नाही, असं तिला सांगितलंय. आधी तिच्याकडे जा. माझ्याकडे सवडीनं ये.

तुझीच, तरीही,
बापाकडची आजी

उत्तर तू लिहू नकोस, तुझ्या आईलाही लिहू देऊ नकोस. विहीणबाईंनी स्वतःच्या हातानं लिहायचं, आणि उठून बसून लिहायचं.