एक मूठ माझ्यासाठी

९ फेब्रुवारी, दुपार

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. इकडे आम्ही दोघंही चालतेफिरते आहोत, म्हणजे बरे आहोत असं समज. तुझ्या वहिनीचा गुडघा जिन्याच्या चौथ्या पायरीला कुरकुरतो, तो मला खाली कारखान्यात ऐकू येतो. तिचं म्हणणं, "गुडघ्याचं ऐकू येतं, माझं मेलं कधी येत नाही."

दीड वर्षात हे पहिलं पत्र. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू 'हं' म्हणतोस आणि मी लगेच हवापाण्यावर येतो. कागदावरून माणसाला तितक्या लवकर पळता येत नाही.

तर बातमी मशीनची. लोखंड कापायच्या मिलिंग मशीनवरची ताडपत्री मी काढली. होय, त्याच. लिलावात घेतलेलं, बावीस वर्षं मी हातानं चालवलेलं, आणि मग तू मोटरी लावून कॉम्प्युटरवर आणलेलं. आत उंदरानं संसार थाटला होता, पण वायरला तोंड लावलेलं नाही. तू त्या सगळ्या लोखंडी नळीतून नेल्यात. मी तेव्हा हसलो होतो, "राजाच्या बायका आहेत का पडद्यात ठेवायला?" उंदरानं तुला पावती दिली.

आठ दिवस मी एकच काम केलं. दोष शोधला. त्या दिवशी ठोकळा धरणारं टेबल सांगितलं तिथं का गेलं नाही, एवढाच प्रश्न. आधी मोटर आणि स्क्रू जोडणारं कपलिंग उघडलं. म्हटलं, बारीक स्क्रू सैल झाला असणार. नव्हता. तू त्यावर रंगाचा ठिपका लावून ठेवला होतास, ठिपका जागचा हलला नव्हता. मग मापाचं डायल लावून टेबल पुढं-मागं करून बघितलं, स्क्रूमध्ये ढिलाई आहे का. केसाएवढी, आणि तिचा हिशेबही तू कंट्रोलरमध्ये भरून ठेवलेला. मग विजेचा पुरवठा, मग अर्थिंग. शेजारचं वेल्डिंग चालू असताना सिग्नल बिघडतो का, म्हणून शेजाऱ्याला मुद्दाम तासभर वेल्डिंग करायला लावलं. तो म्हणाला, "काय जोडू?" म्हटलं, "काहीही जोड, उजेड पाड." काही बिघडलं नाही.

मग तुझा तो प्रोग्रॅम. अजून आहे मशीनमध्ये. कटर न लावता हवेत चालवला, मग लाकडाच्या ठोकळ्यांवर, तुझ्या जागी पडद्यापाशी उभा राहून. चाळीस ठोकळे. चाळीसही बरोबर.

बारक्या, प्रत्येक गोष्ट बरोबर निघत होती आणि मी पुढचा पाना उचलत होतो.

शेवटी वायरमनला बोलावलं. तोच, टकल्या, बोलताना पक्कड हलवणारा. त्यानं तीन ठोकळे कापले. बरोबर. म्हणाला, "आता तुम्ही मशीनपाशी उभं राहून चालवा, दादा." मी चालवला. ठोकळा दोन मिलिमीटरनं चुकला. पडद्यावर आकडा बरोबर, टेबल अलीकडंच.

त्यानं ठोकळा हातात फिरवला. मग म्हणाला, "दादा, मशीनला काही नाही झालेलं. तुमचा हात काय करत होता?"

"कुठला हात?"

"तो. मुठीवरचा."

खाली बघितलं. हात टेबलाच्या लॉकच्या मुठीवर होता. मूठ अर्धी आवळलेली.

तुला हे शिकवायला नको, पण मला ते ओळीनं लिहायचं आहे. हाताच्या मशीनवर टेबल मागं-पुढं चालवायचं असेल, तर आडव्या बाजूला ते लॉक करायचं, म्हणजे थरथरत नाही. मूठ आवळायची, कापायचं, मूठ सोडायची. पापणी लवते तसं ते बावीस वर्षं होत आलं. पण मोटरीवर टेबल स्वतःच आडवंही जातं. मूठ आवळलेली असली तर मोटर गुरगुरते, थोडं ढकलते, थोडं राहतं. कंट्रोलरला कळत नाही. त्याला वाटतं पोचलो.

तू ही मूठ काढून टाकणार होतास. सगळी चाकं, सगळे हँडल काढलेस, आणि शेवटी हिच्यावर पाना लावलास. मी म्हणालो, "एक तरी मूठ माझ्यासाठी ठेव रे, नाहीतर हात खिशात घालून उभं राहायचं का मी?" तू म्हणालास, "दादा, हात लावणार नाही अशी शपथ घे." मी घेतली. हसत घेतली.

वायरमन गेला. जाताना म्हणाला, "सापडला की दोष, आता काय तोंड पाडून बसता?"

त्याला काय सांगू, मला तो सापडायला नकोच होता? मी दुसरा शोधत होतो. एखादा सैल स्क्रू, सडलेली वायर, काहीही, ज्याला कुणाचं नाव लावता येणार नाही. हा दोष मला दीड वर्षं ठाऊक आहे.

त्या दिवशी तू पडद्याकडे होतास, मी मशीनपाशी. पहिली खाच झाली. टेबल आडवं निघालं आणि मोटर गुरगुरली. तुला ऐकू आलं नाही, मला आलं. बेअरिंग कोरडं पडलेलं मी रस्त्यापलीकडून ओळखतो, ही तर हातभर अंतरावर होती. मला वाटलं, नव्या मोटरींचे नखरे. तू चष्मा कपाळावर सरकवून बघायला वाकलास, आणि कटर ठोकळ्याऐवजी त्याला आवळून धरणाऱ्या व्हाइसच्या पोलादावर उतरला. फुटला.

तू 'दादा' म्हणून ओरडलास.

बारक्या, मी आधी मूठ सोडवली. मग तुझ्याकडे आलो. किती वेळ गेला असेल, एक श्वास. पण त्या श्वासात मला सगळं कळलं होतं, आणि हातानं आधी ते झाकलं.

दवाखान्यात तू म्हणालास, "माझाच आकडा चुकला असणार." मी म्हणालो, "असू दे, होतं." तीन शब्द. त्यांच्यावर मी दीड वर्षं निभावून नेलं. डावा डोळा गेला, तू मशीनला हात लावायचं सोडलंस, गोदामाच्या गेटवर वही घेऊन बसलास, आणि लोक विचारायचे तेव्हा मी मोठ्या मनानं म्हणायचो, "पोरगं हुशार होतं, एक चूक झाली."

आता आठ दिवसांपूर्वीच ताडपत्री का काढली ते सांगतो. त्याच्या आदल्या दिवशी मी तुझ्या गेटवर आलो होतो. एक ट्रक उभा होता. तू त्याचा नंबर वहीत लिहिलास, मोठ्यानं वाचलास, पाटीकडे जाऊन पुन्हा वाचलास, परत येऊन तिसऱ्यांदा. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, वाचून वाचून बदलणार आहे का तो?" तू म्हणालास, "चुकतं माझं."

मी दहा पावलांवर होतो, तुझ्या डाव्या बाजूला. ती बाजू मी निवडली होती.

काल तुझ्या वहिनीला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, थांबली नाही. शेवटची घडी झाल्यावर म्हणाली, "आणि तो स्वतःला बोल लावत बसलाय." तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही.

तू परत ये असं लिहिणार नाही. तुझ्या जागी मीही आलो नसतो. माफीचंही लिहीत नाही, ती मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि एवढं काम तुला सांगायचा मला हक्क नाही. पत्र तुझ्या बायकोला वाचायला दे. ज्यांना ज्यांना मी तुझी चूक म्हणून सांगितलं, त्यांच्याकडे जायला उद्यापासून सुरुवात करतो. डोळ्याला त्याचा उपयोग नाही, ते मला कळतं.

तुझा आकडा बरोबर होता. चाळीस वेळा बघितला. गेटवरचे नंबर एकदाच लिहीत जा.

सही 'दादा' अशी करत नाही. ती तू मारलेली हाक होती, आणि मी उशिरा आलो.

थोरला