काशम्माची हुग्गी आणि उपाशी मंडळी

सोलापूर,
हंगामाच्या सणानंतरचा दुसरा मंगळवार, सन १९३३

तीर्थरूप धोंडीरामदादा यांस,

धाकटी बहीण बजा हिचा प्रभूमध्ये सलाम. (ख्रिस्ती माणसानं माणसाला तीर्थरूप लिहू नये असं आमच्या मिशनच्या मडमसाहेब म्हणतात. पण ज्याच्या खांद्यावर बसून मी पहिल्यांदा आगगाडी पाहिली, त्याला नुसतं ‘प्रिय’ लिहायला माझा हात धजत नाही.) वहिनींचा गुडघा कसा आहे? मंगळवेढ्याकडं ज्वारी बरी आली असं ऐकते. तुमची शाळा आणि रविवारची उपासना ठीक चालली असेलच. आणि दादा, तुमचं पोट आता कसं आहे? पोटाचं मुद्दाम विचारते आहे, पुढं वाचाल तसं ध्यानात येईल.

तुम्ही उन्हाळ्यात आला होता तेव्हा आमच्या काशम्माला पाहिलं असेल. अक्कलकोटाकडची, कानडी वळणाचं बोलणारी विधवा बाई. गिरणीत राबते, आणि मुलगी रूथ हिच्यासह दोन वर्षांमागं बाप्तिस्मा घेऊन आपल्या मंडळीत आली. हंगामाच्या सणाला, पीक देवाला वाहून झाल्यावर, प्रीतिभोजनाचा स्वयंपाक पाळीपाळीनं एकेका घरानं करायचा, हा आमचा रिवाज. काशम्माची पाळी गेल्या वर्षीच येत होती, पण ‘नवी आहे बिचारी, तिला कशाला त्रास’ म्हणून बायांनी मायेनं पुढं ढकलली. (ख्रिस्ती बाईची माया फार खोल असते दादा, तळच दिसत नाही.) खरं कारण तुम्हांला ठाऊक आहे. आपण वेशीबाहेरच्या एका वाड्यातले, ती दुसऱ्या वाड्यातली. त्यात वरचा वाडा कोणता नि खालचा कोणता, हे वेशीच्या आतल्यांना आजतागायत कळलेलं नाही, त्यांना दोन्हींची सावली सारखीच. आपल्याला मात्र झोपेतसुद्धा पाठ आहे! यंदा मी बायांच्या सभेत पदर खोचून उभी राहिले नि म्हटलं, पाळी काशम्माचीच. कुणी हूं की चूं केलं नाही. तिथंच मला शंका यायला हवी होती.

सणाच्या दिवशी काशम्मानं पहाटेपासून खपून भलं मोठं पातेलंभर हुग्गी केली. गहू, गूळ, खोबरं, वरून वेलदोडा. वास थेट वेदीपर्यंत येत होता. उपासना झाली, पंगत बसायची वेळ झाली, आणि एकाएकी मंडळीत भक्तीचा पूर आला. मथुराबाईंना उपास होता. मथुराबाई म्हणजे आमच्या मंडळीचा खांब (रुंदीनंही). शेजाऱ्यांच्या एकादशीला जन्मभर हसत आलेली बाई, हिला हंगामाच्या सणाला उपास! तिच्यामागं जिला तिला उपास निघाला, आणि ज्यांना उपास सुचला नाही त्यांची पोटं बिघडली. पाळकसाहेब मनानं देवमाणूस, पण मथुराबाईंना भितात. त्यांनी चमचाभर हुग्गी ताटलीत घेतली आणि ती इतका वेळ फुंकत बसले की शेवटी तिला थंडी वाजली असेल. सकाळीच त्यांनी पाच भाकरी नि दोन मासळ्यांवर उपदेश केला होता. आमच्याकडचा चमत्कार त्याहून मोठा: कुणी घास न घेताच सगळे तृप्त, आणि उरलेलं पातेलंभर.

काशम्मा पळी हातात धरून उभी होती. मला म्हणाली, “अक्का, समद्यांची पोटं एकाच दिशी कशी हो दुखतेत?”

दादा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि लगेच राग आला. (माझ्याकडं दोन्ही एकाच वाटेनं येतात.) मी ताट ओढलं नि जेवायला बसले. पहिलं ताट प्रीतीनं खाल्लं. हुग्गी खरंच सुरेख होती. दुसरं मथुराबाईंकडं बघत खाल्लं. तिसरं पाळकसाहेबांच्या वाट्याचं. त्यापुढं मोजायचं सोडून दिलं. वधस्तंभ उचलून मागं या असं प्रभूनं सांगितलंय, पातेलं उचल असं कुठं म्हटलेलं नाही, पण त्या दिवशी मला फरक कळेना. व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवसापासून मी अंथरुणाला खिळले, आणि मथुराबाई समाचाराला आल्या त्या पेढे वाटायला आल्यासारख्या चेहऱ्यानं. संध्याकाळपर्यंत साऱ्या आळीत झालं: ‘काशम्माच्या हातचं बजाबाईला बाधलं.’ म्हणजे मी तिची बाजू घ्यायला गेले आणि तिच्याच नावाला बट्टा लावून बसले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! (ही म्हण आपली नव्हे, पण दुसरी सापडत नाही.)

म्हणून परवाच्या रविवारी पोट धरून उपासनेला गेले आणि साक्ष देण्याच्या वेळी उठले. म्हटलं, “मला हुग्गी बाधली नाही, माझा हट्ट बाधला. ज्यांना उपास होता त्यांचा उपास प्रभूनं पाहिला आहे, आणि तो कशाचा होता हेही पाहिलं आहे.” पाळकसाहेबांनी घाईघाईनं गीत सांगितलं, तेही चुकीचं, मयताचं.

मला वाटलं, जिंकले. बाहेर काशम्मा दाराशी उभी होती. ती म्हणाली, “बोलून काय व्हतंय अक्का? कोन हट्टानं जेवतंय, कोन चोरून जेवतंय. दिवसाढवळ्या, सरळ मनानं माझ्या घरी जेवनारं मानूस दावा की. नाताळापतुर न्हाय दिसलं तर मी चालले. पोरीला घेऊन माझ्या गावाकडं जाते.” (चोरून कोण जेवतं, ते मला तेव्हा उमगलं नाही.) ती बोलते तसं करणारी बाई आहे. आणि मीही ठरवलंय दादा, तिला जाऊ द्यायचं नाही. ती गेली तर प्रभूच्या मेजावर आम्ही कुणाच्या तोंडानं बसायचं?

वहिनींना सलाम, मुलांना गोड पापा.

आपली लाडकी (आणि अजून नुसत्या मऊ भातावर असलेली) बहीण,
बजा

ता. क. : सरळ मनानं जेवणारं माणूस म्हणून मी तिला तुमचं नाव सांगितलं आहे. उन्हाळ्यात तिनं तुमच्यासाठी होळिगे, म्हणजे तिकडची पुरणपोळी, आणली होती तेव्हा तुमचंही पोट बिघडलं होतं, ते तिच्या लक्षात आहे. ते खरंच बिघडलं होतं, असं मी तिला शपथेवर सांगितलं. शपथ वाहू नये हे मला माहीत आहे. तेव्हा ती खरी करायला तरी या.

पुन्हा ता. क. : चोरून जेवणारा सापडला. आपला धाकटा भाऊ, शमुवेल. गिरणीतली पाळी सुटली की रोज काशम्माकडं जेवून येतो, म्हणूनच हल्ली माझ्या घरात भाकरी उरते आणि त्याला कोट घट्ट होतो. त्याला रूथशी लग्न करायचं आहे. भावकीत वडील तुम्ही, तेव्हा मागणी घालायला तुम्हीच हवे, आणि मागणीचं जेवण काशम्माच्या घरी, दार उघडं ठेवून.

शेवटचं : शमुवेलनं हे सांगितलं तेव्हा माझ्याही पोटात कळ आली दादा. हुग्गीची नव्हे. ती जुनी, आपल्या वाड्याचीच होती. मी ओवा खाल्ला आणि हो म्हटलं. तुमच्यासाठीही चांगला मूठभर निवडून ठेवला आहे. पोट दुखलं तरी या.