न पाहिलेला प्रयोग

१३ नोव्हेंबर २००६, सोमवार
सकाळी आंघोळ करून ‘तीन गावं’ या आपल्या मासिकाच्या नव्या अंकाची पहिली प्रत शिवमंदिराच्या पायरीवर ठेवली, हात जोडले. अंक म्हणजे चार पानी झेरॉक्स होती, तेव्हापासूनचा नेम. आता सोळा पानं, उल्हासनगरात ऑफसेटवर.
मग बदलापूरच्या स्टॉलवर गठ्ठा दिला. तिथं गायकवाड. आपली मुखपृष्ठं तोच काढतो. म्हणाला, “सर, काल नाटकात मेधाताई नव्हत्याच. घसा बसला. शोभानं केलं काम.”
शोभा म्हणजे त्या नाटकाच्या मंडळाची प्रॉम्प्टर. सात वर्षं विंगेत.
आणि अंकात माझं परीक्षण : रविवारच्या प्रयोगात मेधाताईंचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. मी पाहिली ती गुरुवारची रंगीत तालीम. शुक्रवारी पानं प्रेसला जातात. प्रयोग चालू होता तेव्हा घरी अंकांना घड्या घालत होतो.


१४ नोव्हें.
गायकवाडकडून सगळं ऐकलं. नाटकाच्या तिसऱ्या अंकात नवऱ्याचं काम करणारा अडखळला. शोभानं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि त्याचं वाक्य त्यालाच हळूच सांगितलं. लोकांना वाटलं, नाटकातलंच. टाळ्या.
हे मी लिहायला हवं होतं.
गायकवाड म्हणतो, गप्प बसा. “आपला अंक कोणी वाचत नाही, असं तुम्हीच रडता ना? यावेळी तरी खरं ठरू दे.”

१६ नोव्हें.
सोनिवलीला गेलो. शोभाताई तिथं बालवाडी चालवतात. टेबलावर आपलेच पाच अंक. आपलं नाव असेल म्हणून माहेरी पाठवायला त्यांनी न वाचताच घेतले होते.
“सर, तुम्ही कुठल्या रांगेत होतात?”
मी म्हणालो, मागे.
“मागून माणूस ओळखू येत नाही. खरंय.”
एवढंच. पाणी दिलं. मुलांना गाणं शिकवायला वळल्या.
त्यांच्या तोंडावर खोटं बोललो. माफी मागायला गेलो होतो.

२० नोव्हें. सोमवार
देवळापर्यंत गेलो. बाहेरूनच परतलो. आत जाऊन काय सांगणार? त्याला ठाऊकच आहे. सांगायचं दुसरीकडे आहे.

२ डिसें.
पुढच्या अंकासाठी खुलाशाचा मजकूर लिहिला. तो प्रयोग मी पाहिला नव्हता. याआधीही दोन परीक्षणं तालमीवरून लिहिली. शोभाताईंनी विचारलं तेव्हाही खोटं सांगितलं. त्या संध्याकाळचं काम त्यांचं.
गायकवाडला वाचायला दिला. ती दोन परीक्षणं त्यालाही ठाऊक नव्हती. “उद्या लोक म्हणतील, मग खरं कुठलं?” मग त्यानंच मुखपृष्ठावरचं चित्र अर्ध्या पानावर आणलं, वरची जागा माझ्या मजकुराला दिली.

८ डिसें.
उल्हासनगरच्या प्रेसचे सिंधी मालक लछूभाई चष्मा वर करून म्हणाले, “साईं, अपनी गलती कोई पहले पेज पे छापता है? अंदर कोने में डाल दो.”
पहिल्या पानावरच, मी म्हटलं.

११ डिसेंबर, सोमवार
पहिली प्रत देवळाच्या पायरीवर ठेवली नाही. इतक्या वर्षांत प्रथमच. सोनिवलीला नेली.
बालवाडी भरली होती. शोभाताईंनी अंक घेतला, पहिल्या पानावर आपलं नाव पाहिलं, घडी न उलगडता हजेरीच्या वहीखाली ठेवला. “मुलं गेली की वाचते.”
थांबलो नाही. बाकीचे अंक स्टॉलवर देऊन आलो.